हमाली

कुपवाडच्या शेडमध्ये, तिसऱ्या पाळीत,
ते कडं जमिनीपासून वीतभर वर टांगलेलं असतं.
व्यास तीन मीटर. भिंत माझ्या करंगळीएवढी जाड.
इलाही क्रेनवरून वाकून विचारतो, "ताई, फिरवू?"
मी जेली लावते, प्रोब टेकवते,
आणि पोलाद काय म्हणतंय ते पडद्यावर बघते.
एक हिरवी रेघ. गप्प. गप्प. गप्प.
गप्प असणं म्हणजे पास.

अशी कडी एकाला एक जोडून नळा होतो,
नळ्यात इंधन भरतात,
असे दोन नळे रॉकेटच्या दोन बगलांना.
कुठलं रॉकेट, कधी उडणार, आम्हाला सांगत नाहीत,
ड्रॉइंगवर फक्त नंबर असतो.
मगदूम साहेबांना ठाऊक असावं.
चहा पिताना ते एवढंच म्हणतात, "जड आहे हं यंदाचं,"
गाभण म्हशीबद्दल बोलावं तसं.

आप्पांनी एकोणचाळीस वर्षं
सांगलीच्या मार्केट यार्डात हळद वाहिली.
त्यांच्या मानेखाली घट्टा आहे.
लहानपणी मी त्यावर गाल टेकवून झोपायचे,
शाळेत माझा एक गाल पिवळा असायचा.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं,
"समदं मिळून किती वजनाचं म्हणायचं ते?"
"साडेसातशे टन."
"आन् माल?"
"वीस."
घास हातातच राहिला.
"मग बाकीचं काय?"
"इंधन. आणि ते इंधन उचलायला इंधन.
आणि ते भरायला नळे. आमचे."
आप्पा हसले, ठसका लागेपर्यंत.
"म्हंजे माज्यासारखंच की गं.
पोतं ट्रकापतोर न्यायचं तर आदी हे अंग न्यायचं,
अंगाला भाकरी, भाकरीला पैसा, पैशाला पुन्यांदा पोतं.
काट्यावर पोतं चढायचं.
हमाल किती जड, कुणी तोलला न्हाई."

मार्चमधल्या एका रात्री रेघ उचलली.
मोहरीएवढं काहीतरी,
वेल्डच्या पोटात, चार मिलिमीटर खोल.
तीनदा पुसलं, तीनदा लावलं.
इलाहीनं कडं फिरवून पुन्हा त्याच जागी आणलं,
पुन्हा तेच टोक, तेवढंच उंच.
सहा महिन्यांचं काम.
मगदूम साहेब म्हणाले, "नीट बघा, मॅडम."
दहा वर्षांत पहिल्यांदा मॅडम.

पोतं पाठीवर घेण्याआधी आप्पा
शिवणीवरून तळवा फिरवत. एकदाच.
कुठं सैल लागलं तर बाजूला ठेवत.
व्यापारी ओरडायचा.
ओरडू दे.
वाटेत उसवलं तर हळद रस्त्यावर
आणि शिव्या हमालाला.
इथं उसवलं तर

मी रकान्यात लिहिलं, नाकारले.
सही. वेळ तीन चाळीस.
इलाहीनं कडं इतकं हळू खाली ठेवलं
की साखळीसुद्धा वाजली नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी
कुठलंसं मोठं रॉकेट उडालं.
आमची कडी होती की आणखी कुणाची, कळायला मार्ग नव्हता.
मोबाईल तांब्याला टेकवून आम्ही दोघं बघत होतो.
आधी धूर, मग उजेड,
आवाज माझ्या मोबाईलला झेपेना, फरफरायला लागला.
आप्पा उजेडाकडे बघतच नव्हते, बगलांकडे बघत होते.

दोन मिनिटांनी नळे सुटले.
"पडलं?"
"पडायचेच होते, आप्पा. त्यांचं काम झालं. खाली समुद्र आहे."
ते काही बोलले नाहीत.
हात मानेमागे गेला, घट्ट्यावर थांबला.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"आन् वर? वर उतरवून घ्यायला कोन हाय?
चढवायला एक लागतो, उतरवायला दोन लागत्यात."
"कुणी लागत नाही. तिथं कशालाच वजन उरत नाही."
"कशालाच?"
"कशालाच."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला,
आमटीत बुडवला, तसाच धरून ठेवला.
"मग तिथं
हमाली कशावर धरत्यात?"

मी उठून कुकर बंद केला.
तीन शिट्ट्या झाल्या होत्या.
बहुतेक चार.